उपाशीबाबाची कपार

"मग साखर येते कुठून?"

गोदामायचा प्रश्न ऐकून त्र्यंबक हिप्परगे हसला. हसताना त्याचा वरचा ओठ दातांवर सुकून अडकला. जीभ फिरवून तो सोडवावा लागला.

"तेच तर म्हणतोय, माय. कुठूनच येत नाही. आणि तरी आहे."

त्यानं शुगरचं मशीन तिच्यापुढे धरलं. टोचलेल्या बोटावर रक्ताचा थेंब होता. मशीनवरचा आकडा जरा उतरलेला, पण चांगल्या हिंडत्याफिरत्या माणसाचा होता.

"काल एवढीच. परवा एवढीच. पोटात पाण्याशिवाय आणि चिमूटभर मिठाशिवाय काही नाही. कॉलेजात असतो तर म्हणालो असतो, मशीन बिघडलंय."

"आणि आता काय म्हणतोस?"

"आता म्हणतो... कुणीतरी भरवतंय."

गोदामायनं त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्या पाठीमागच्या अंधाराकडे बघितलं.

"हो," ती म्हणाली. "भरवतंय खरं."

कपार डोंगराच्या अर्ध्यावर होती. तोंडाशी पाण्याचं टाकं, आत एका माणसाला बसता येईल एवढा ओटा. खाली टेकाडावर मठ, आणि मठात गोदामाय. थंडीचे दिवस होते. धुकं सकाळी चढायचं ते दुपार झाली तरी हलायचं नाही.

या ओट्यावर पूर्वी उपाशीबाबा बसत. ते गोदामायचे गुरू. अन्न सोडूनही ते कितीतरी दिवस जगले आणि शेवटी नुसता उजेड होऊन गेले, असं आसपासच्या वाड्यांवर सांगत. त्यांना शेवटी बघितलेली आता एकटी गोदामाय उरली होती. ती त्याबद्दल बोलत नसे.

त्र्यंबक एका मेडिकल कॉलेजात शिकवायचा. अन्न पोटात गेल्यावर देह त्याचं काय करतो, हा त्याचा विषय. उपाशीबाबाची गोष्ट खोटी पाडायची म्हणूनच तो मशीन घेऊन इथं आला होता. थोडे दिवस आपणच उपाशी राहून बघू, म्हणाला. सुरुवातीला डोकं दुखलं, चिडचिड झाली. मग एका सकाळी सगळं हलकं झालं. भूक गेली. झाडाचं पान न पान वेगळं दिसायला लागलं. असं सुख त्याला उभ्या जन्मात मिळालं नव्हतं.

तो खाली उतरलाच नाही. नोकरी सोडल्याचं त्यानं फोनवरून कळवलं.

लोक दर्शनाला यायला लागले. त्याच्या श्वासाला वास यायचा. पिकून उतू गेलेल्या फळासारखा, गोडसर, नाकात बसणारा. लोक म्हणायचे, देव जवळ आला की असा वास सुटतो.

त्याला तो वास येत नसे.

"माय, पौर्णिमेला लोक येतील. त्यांच्यासमोर एवढंच सांगा."

"काय सांगू?"

"की बाबांची जागा आता रिकामी नाही."

गोदामायनं आणलेलं पेजेचं भांडं दोघांच्या मध्ये होतं. रोज ती ते घेऊन यायची, रोज तसंच परत न्यायची. तिनं भांड्यावरचं फडकं नीट केलं. 

"नाद पण ऐकू येतो," त्यानं आवाज खाली आणला. "बसलो की आतून येतो. थांबतच नाही."

"कसा?"

"ठक्... ठक्... बारीक. लांब कुणीतरी काहीतरी तोडत बसल्यासारखा."

"कुठून येतो?"

त्यानं हात छातीवर ठेवला. मग पोटावर. मग पुन्हा छातीवर.

"नेमकं सांगता येत नाही."

गोदामाय पुढे सरकली. तिला वाकताना त्रास व्हायचा, तरी ती वाकली. तिनं कान त्याच्या छातीला लावला नाही. मांडीला लावला.

बराच वेळ ती तशीच राहिली. धुकं कपारीच्या तोंडाशी आलं, आत डोकावल्यासारखं थांबलं.

"काय ऐकू येतंय, माय?"



मग तिनं जे केलं, ते तिनं कुठल्याच शिष्याच्या बाबतीत केलं नव्हतं. तिनं त्याच्या एका मांडीवर कपाळ टेकलं. मग दुसऱ्या मांडीवर. दोन्ही हात जोडलेले.

त्र्यंबक ओट्यावर ताठ झाला.

"माय... हे काय? उठा ना..."

म्हणाला खरा. पण तिला उठवायला त्यानं हात पुढे केला नाही.

"तुला नाही रे," ती तशीच वाकून म्हणाली. "यांना. इतके दिवस यांनी तुला जेवू घातलं."

...

त्यानं खाली बघितलं.

कितीतरी दिवसांत त्यानं तिकडे बघितलं नव्हतं. लुंगीचं कापड दोन काठ्यांवर टाकल्यासारखं पडलं होतं. त्यानं दोन्ही हातांनी एक मांडी धरली. ती सगळी हातात मावली. गुडघा तिच्यापेक्षा जाड होता.

"ही माझी..." तो म्हणाला आणि थांबला.

"कॉलेजातल्या पोरांना शिकवायचास ना? तेच मला सांग."

"काय?"

"माणूस जेवला नाही तर काय होतं ते."

सवयीनं त्याचा आवाज वर्गातला झाला.

"पहिला एखादा दिवस यकृतातला साठा पुरतो. तो संपला की यकृत साखर करायला घेतं. नव्यानं. अन्न नसताना. थोडी चरबीतून निघते, पण तेवढ्यानं भागत नाही. मग मांस सुटं व्हायला लागतं. त्याचे बारीक तुकडे रक्तातून यकृतात जातात. तिथं त्यांची साखर होते. ती साखर रक्तात येते, म्हणून आकडा पडत नाही. कारण मेंदूला..."



"मेंदूला काय?"

"मेंदूला ती लागते, माय. तो थांबायला तयार नसतो. पुढे तो चरबीच्या जळणावर पुष्कळसं भागवून घेतो. पण साखर पुरती सोडत नाही. तेवढी करावीच लागते."

"मांसाला विचारतं का कुणी?"

"विचारायचं काय त्यात? आपोआप होतं ते."

"बरं. आणि 'मी अन्न सोडलं' असं म्हणतं कोण? मांडी म्हणते?"

त्याचा हात नकळत कपाळाकडे गेला. तिथंच राहिला.

टाक्यातलं पाणी हललं. वारा नव्हता.

"हे मला ठाऊक आहे," तो एकदम चिडून म्हणाला. "तुम्ही मला हे सांगायची गरज नाही. मी हे वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलंय. पण मग बाबांचं काय? त्यांच्या तोंडावर तेज होतं म्हणतात. ते कुठून आलं?"

"होतं," गोदामाय म्हणाली. "तेज होतं. डोळे असे चमकायचे की बघवत नसे. बोलणं लोण्यासारखं. मी इथंच बसायची, तू बसलायस त्याच्यासमोर. एक दिवस बोलता बोलता मधेच थांबले. वाक्य अर्धं राहिलं."

"कशानं?"

"ते तूच सांग. दंड संपले, मांड्या संपल्या, पाठ संपली. मग आत मांसाचं काय उरतं?"

त्र्यंबकला उत्तर येत होतं.  कपाळावरचा हात छातीवर उतरला, आणि आतली धडधड लागताच त्यानं तो काढून घेतला, तापल्या तव्यावरून काढावा तसा.

"लोक म्हणतात उजेड होऊन गेले," ती म्हणाली. "मी खाली नेलं त्यांना. एका हातानं उचललं. दुसऱ्या हातात कंदील होता."

तेवढ्यात बाहेर लेकरू रडलं.

कपारीच्या तोंडाशी, धुक्यात, कौशी बसली होती. ती खालच्या वाडीची. तिचा नवरा गेल्या हंगामात ऊसतोडीला गेला तो परत आला नव्हता. मांडीवर तान्ही पोर. ती कधी येऊन बसली ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"आत ये गं," गोदामायनं हाक मारली.

कौशी वाकून आत आली. त्र्यंबकच्या पायावर डोकं ठेवायला गेली. त्यानं पाय आखडून घेतले.

"किती वाळलीस," गोदामाय म्हणाली. "जेवलीस का?"

कौशी हसली. ते हसणं त्र्यंबकला ओळखीचं वाटलं.

"मी पण सोडलंय, माय. त्यांचं परत येणं होईस्तोवर. डॉक्टरबाबा जगतात ना, मग मी बी जगेन." तिनं पोरीला पदराखाली घेतलं. "आणि बघा की, दूध आटलं नाही. काही खात नाही तरी येतंय. बाबांचीच कृपा."

ती बोलली तसा तिचा श्वास कपारीत पसरला. गोडसर. नाकात बसणारा.

त्र्यंबकला तो वास आयुष्यात पहिल्यांदा आला... म्हणजे, आपल्याला जो येत नव्हता तो काय आहे, ते त्याला पहिल्यांदा कळलं. उपाशी देह आपलीच चरबी जाळतो, त्याचा तो वास.

"कधीपासून?" त्यानं विचारलं. आवाज फाटला होता.

"सोमवारपासून."

"कौशे, मळमळतंय का? दम लागतोय का?"

"चढताना लागला जरा. पण हलकं वाटतंय, बाबा. लई हलकं."

गोदामाय त्र्यंबककडे बघत होती.   दुधातली साखर आईच्या रक्तातल्या साखरेपासून बनते, हे त्यानंच शिकवलं होतं. दुधातलं बाकीचंही आईच्याच अंगातून येतं. तिनं खाल्लं तर ताटातलं. नाही खाल्लं तर तिच्यातलं. लेकरू ओढत राहतं, देह बनवत राहतो. दूध पाजणारी बाई उपाशी राहिली तर तिचं रक्त फार लवकर नासतं. त्याला मिळाले तितके दिवस तिला मिळणार नव्हते.

पोर शांतपणे पीत होती. तिचा गळा हलत होता. दुसरा कुठलाच आवाज नव्हता.

"जेव," तो म्हणाला. "आत्ता. ही पेज घे."

कौशी गोंधळली. मग तिच्या डोळ्यांत हुशारी आली.

"परीक्षा बघताय का, बाबा?"

"परीक्षा नाही! मरशील तू!"

"तुम्ही नाही मेला."

"मी पण..." तो थांबला. "मी पण मरतोय, कौशे. कुणी भरवत नाही मला. मी स्वतःलाच खातोय."

तिनं मान हलवली. हसतच होती. असल्या गोष्टी देवमाणसं बोलतातच, हे तिला माहीत होतं.

त्र्यंबकनं गोदामायकडे बघितलं.

"माय, तुम्ही सांगा हिला."

"ती उपाशी राहिली ती माझं बघून नाही," गोदामाय म्हणाली.

भांडं मध्येच होतं.

त्र्यंबकनं फडकं काढलं. पेज निवली होती, वर साय धरली होती. तांदळाच्या वासानं त्याच्या तोंडाला पाणी सुटायला हवं होतं. सुटलं नाही. त्या पेजेत खालची शेतं होती, धुणी-भांडी होती, कॉलेज होतं, रिकामी खोली होती. तो हलकेपणा, ती पानं, पौर्णिमेला खाली जमणारी माणसं... सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं.

त्यानं भांड्यातला चमचा उचलला.

त्यानं एक घास गिळला. कौशीकडे बघत गिळला.

तिच्या तोंडावरचं काहीतरी विझलं. मयताच्या घरी पोचल्यावर बाई जशी बघते, तशी ती त्याच्याकडे बघत राहिली.

"खोटारडा," ती म्हणाली.

"हो."

"खोटारडा हाय तू! मी लेकरासकट..."  ती रडायला लागली. गोदामायनं तिच्या हातात भांडं दिलं. रडत, शिव्या देत कौशीनं पेज तोंडाला लावली.

"एकदम नको," त्र्यंबक ओरडला. "घोट घोट. थांबून थांबून." उपाशी अंगाला अन्नही मारू शकतं, हे त्याला ठाऊक होतं.

उठून तिच्यापर्यंत जावं म्हणून तो ओट्यावरून उतरला. पाय त्याच्याखाली राहिलेच नाहीत. तो दगडावर बसला तो तिथंच.

गोदामायनं वाडीवरच्या माणसांना बोलावून दोघांनाही तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. कौशीला सलाईन लावावं लागलं. ती वाचली, पोरही वाचली. नवरा काही आला नाही. पुढे ती त्र्यंबकला रस्त्यात दिसली की तोंड फिरवायची. पण पोर बाळसं धरत होती.

पौर्णिमेला लोक आले तेव्हा कपार रिकामी होती. दोन-चार जण खाली मठात येऊन त्र्यंबकला वाट्टेल ते बोलून गेले. तो ऐकून घ्यायचा. बोलण्याइतकी ताकद अंगात नव्हती.

मठाच्या पडवीत त्याचं अंथरूण होतं. गोदामाय त्याला आधी चमच्यानं पेज द्यायची. मग मऊ भात, मग वरण, मग दुधात कुस्करलेली भाकरी. तो खायचा आणि पडून राहायचा. पडल्या पडल्या पायांकडे बघायचा.

पाय भरत होते.

रोज थोडे. तो टक लावून बघायचा तेव्हा काहीच घडत नसे. दुपारी डोळा लागून उठला, की कालच्यापेक्षा कणभर जास्त काहीतरी असायचं. खाचेत मांस आलेलं असायचं. नखांवर उपासाच्या दिवसांची एक आडवी खोल रेघ होती, ती पुढे सरकत चालली होती. तिच्या मागून नवं, गुळगुळीत नख येत होतं. टाचेची भेग मिटली. आतला ठकठक आवाज थांबला होता. त्याच्या जागी आता काहीच ऐकू येत नव्हतं, आणि ते त्याला जास्त वाईट वाटायचं.

या सगळ्याची नावं त्याला पाठ होती. कुठला तुकडा कुठल्याला जोडला जातो, जोडायला जोर कुठून मिळतो, कोण कुणाला हुकूम देतं. फळा भरून लिहिता आलं असतं. तो ती नावं मनात म्हणून बघायचा. त्यानं धीर येत नसे.

एक दिवस दुपारी गोदामाय चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. त्र्यंबक भिंतीला टेकून जेवत होता. ऊन पडलं होतं. अर्धा घास त्याच्या हातातच राहिला.

"माय."

"हं."

"ही मांडी जुनी नाही."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.

"जुनी होती ती मी खाल्ली. ही ज्वारीची आहे. डाळीची आहे. हिला मी बोलावलं नव्हतं. मला बांधता येत नाही हो, माय... एक केससुद्धा मला करता येत नाही. मी झोपतो आणि आत कुणीतरी उठून कामाला लागतं. ज्वारी फोडतं, माझ्यासारखी करून लावतं. आणि मोडली तीही त्यानंच. तेच घर, तेच हात. तेव्हा मोडत होतं, आता बांधतंय. दोन्ही वेळा मला न सांगता."

"मग?"

"मग मला भीती वाटते."

"कशाची?"

त्यानं घास ताटात ठेवला. स्वतःच्या हाताकडे बघितलं, दुसऱ्याचा असावा तसा.

"इतकी वर्षं मी याच्यासोबत राहतोय," तो हळूच म्हणाला. आतल्यानं ऐकू नये अशा बेतानं. "आणि तो कोण आहे, मला माहीत नाही."

गोदामायनं भाकरी उलटली. ती फुगली, तिच्यातून वाफ निघाली. चिमट्यानं उचलून तिनं ती त्याच्या ताटात टाकली.

"जेव," ती म्हणाली. "त्यानं कुठं कधी तुला विचारलं, तू कोण म्हणून?"